काकांची ‘रायफल’ आणि तिचा जोडलेला दस्ता

थोरले काका गेले तेव्हा त्यांच्या कपाटातली बंदूक माझ्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे बाकी कुणी हात वर केला नाही. घरात तिचं नाव ‘सत्तावन्नची रायफल’. आत्या ठामपणे सांगायची की आमच्या खापरपणजोबांनी ती बंडाच्या धामधुमीत एका सोजिराच्या हातून हिसकावली, आणि पुढे कुणा अडाण्याने तिची नळी कापून, दस्त्याला पत्रा ठोकून तिची वाट लावली. या गोष्टीचे दोन्ही भाग मला तपासून बघायचे होते. त्यातही दुसरा आधी, कारण पत्रा डोळ्यांसमोर होता, सोजीर नव्हता.

पण सुरुवात कायद्यापासून करावी लागली, आणि त्यात लोक हमखास गोंधळतात. परवानाधारक वारला की परवाना आपोआप वारसाच्या नावावर होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असं शस्त्र विनाकारण वेळ न दवडता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि वारस म्हणून आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. ‘अगं, अँटिक आहे ती, तिला कसला परवाना?’ हे मला बऱ्याच नातेवाइकांनी ऐकवलं. कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही चालणार नसतील तरच. आमच्या बंदुकीचा घोडा ओढला की खटकन मागे बसत होता आणि चाप दाबला की पुढे आदळत होता. तिला निकामी कोण म्हणणार? विक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली, अर्ज टाकला.

जमा करण्याचा एक फायदा झाला. त्या विक्रेत्याकडे एक निवृत्त आर्मोरर येऊन बसत. फौजेत बंदुका उघडण्या-जोडण्यातच हयात गेलेली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी मिस्त्रीकाका म्हणू लागले. बंदूक नक्की कोणती आहे ते शोधायचंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, एवढंच. नंतर माझ्यापेक्षा तेच जास्त गुंतले.

बंदूक हातात घेतल्यावर त्यांनी तिच्यावरचा एकही छाप पाहिला नाही. नळीत एक सरळ लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडली, तोंडाशी पेन्सिलीने खूण केली, काठी बाहेर काढली आणि नळीला बाहेरून लावून धरली. खूण तोंडाशी ठेवली की काठीचं दुसरं टोक निपलपाशी, म्हणजे जिच्यावर बार पेटवणारी टोपी बसवतात त्या बोंडाच्या जवळ, यायला हवं. तळहातभर अलीकडे थांबलं तर आत बार ठासलेला आहे असं धरायचं.

“ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच माळ्यावर जातात, ताई. भरायला सोपी, रिकामी करायला कटकट. आणि काळी दारू कोरडी राहिली की पिढ्या गेल्या तरी पेटते.”

आमची रिकामी निघाली. काठीच्या टोकाला नुसता तांबूस गंज. मगच त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली, तीही तोंड भिंतीकडे करून.

दरम्यान मी काकांच्या फायली चाळत होते. तिथे आजोबांच्या नावाचा, इंग्रज अमदानीतला १९३४ चा परवाना सापडला. कडा झिजलेल्या, घड्यांवर मागून चिकटवलेला कागद. हत्याराच्या रकान्यात टाकाने लिहिलेलं: एस.बी.एम.एल. गन, नळी ३१ इंच. एकनळी, तोंडाकडून भरायची. रायफलचा उल्लेख कुठेच नाही. कचेरीतल्या त्या कारकुनाला आमच्या घराण्याच्या पराक्रमाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याची नोंद मला आत्याच्या गोष्टीपेक्षा भरवशाची वाटली. शिवाय एक गोष्ट पक्की झाली. नळीला कुणी करवत लावली असेल तर ती १९३४ च्या आधी.

आता मापं. बंदुकीची एकूण ठेवण, लॉकचा, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेचा, आकार, पितळी ट्रिगर गार्ड हे सगळं १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डकडे बोट दाखवत होतं. म्हणजे ज्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ पेटलं त्या काडतुसांची ती बंदूक. मूळ एनफिल्ड जवळजवळ ५५ इंच लांब. नळी ३९ इंचांची आणि ती लाकडाला तीन लोखंडी कड्यांनी आवळलेली. तोंडाजवळच्या माशीचा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेचा, ठोकळा चौकोनी असतो, कारण संगिनीची खोबण त्याच ठोकळ्यावर फिरवून अडकवायची असते. आमच्या नळीवर ठोकळा नव्हता. त्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी होता, शिकारीच्या बंदुकीला असतो तसा. कडं एकच. लाकूड नळीच्या अर्ध्यावर संपलेलं. नळी ३१ इंच, म्हणजे कारकून बरोबर होता. आठ इंच गायब, आणि त्यांच्याबरोबर संगीन लावण्याची सोयही.

लॉकच्या पट्टीवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर होता. मी आपली पितांबरीची पुडी घेऊनच गेले होते, ती मिस्त्रीकाकांनी माझ्या हातातून काढून घेतली. घासायचं नाही. त्यांनी रॉकेलचा बोळा हलक्या हाताने फिरवला, दिवा मालवला आणि टॉर्च पट्टीच्या जवळजवळ समपातळीत धरला. समोरून उजेड टाकला तेव्हा जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे तिरक्या उजेडात प्रत्येक ठोकणीची सावली उभी राहिली. घोड्याच्या मागे मुकुट आणि खाली व्ही. आर., व्हिक्टोरिया राणीची अक्षरं. घोड्याच्या पुढे टॉवर, आणि त्यावर १८६०.

मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, ठसा उमटवून घेतला, तरी १८६० च.

दोन शंका लगेच तपासल्या. पहिली नकलीपणाची. सरहद्दीच्या डोंगरांतून हाताने घडवलेल्या बंदुकांवर टॉवरचे, कंपनीचे छाप सर्रास मारले गेले आहेत. अक्षरं वेडीवाकडी, एखादं उलटं, खोली कमीजास्त, वर्ष असं की तेव्हा ते यंत्रच जन्मलेलं नाही. आमच्या पट्टीवरची अक्षरं एका खोलीची, कडा झिजलेल्या पण सरळ, आणि आसपास तपासनिसांच्या इवल्याशा ठोकण्या, मुकुट आणि खाली अंक. दुसरी शंका कंपनीच्या सिंहाची. आमच्याकडचे एक नातेवाईक छातीठोकपणे सांगत होते की त्यावर पंजात मुकुट धरलेला सिंह असायलाच हवा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा. १८५८ मध्ये कंपनीकडून कारभार राणीकडे गेला, तेव्हा १८६० च्या लॉकवर सिंह नसणं हेच बरोबर. असता तर मी घाबरले असते.

टॉवर म्हणजे बंदूक लंडनच्या टॉवरमध्ये बनली असंही नाही. सरकारने बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांकडून मोठ्या प्रमाणावर बंदुका आणि सुटे भाग घेतले, त्यांवर हा शब्द येतो. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातल्या बंदुकांवर एनफिल्ड असंच असतं. हा फरक पुढे दस्त्याच्या वेळी फार कामाला आला. एनफिल्डचे भाग यंत्रावर बनत आणि एकाचा दुसऱ्याला बसे. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी मात्र प्रत्येक बंदूक हाताने कानस मारून जुळवलेली असे.

आता नळीचं तोंड. मिस्त्रीकाकांनी व्हर्नियर लावला. १८५३ च्या एनफिल्डचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.५७७ इंच, साधारण १४.७ मिलिमीटर, आणि आत तीन उथळ आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या, रायफलला रायफल करणाऱ्या वळणदार खाचा, ७८ इंचांत एक वेढा घेणाऱ्या. व्हर्नियरवर आलं १६.७. आत टॉर्च टाकला तर गंजाचे डाग सोडले तर भिंत सपाट. एकही आटा नाही.

“रायफल नाहीच ही,” ते म्हणाले. “पण कुणी आटे खरवडून काढलेत, का मुळातच नव्हते, ते बघू.”

प्रश्न महत्त्वाचा होता. छर्रे मारता यावेत म्हणून जुन्या फौजी रायफलींचे आटे पुढच्या मालकांनी काढून टाकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आमची तशी असेल तर ती बिघडवलेली एनफिल्ड. पण १६.७ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ नेमके ०.६५६ इंच, आणि हे माप कुणा गावठी लोहाराच्या डोक्यातून आलेलं नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हातात गोऱ्या पलटणींइतकं अचूक हत्यार द्यायचं नाही असं इंग्रजांनी ठरवलं. तोफखाना जवळजवळ पूर्ण गोऱ्यांच्या ताब्यात गेला आणि पायदळाच्या शिपायासाठी मुद्दाम एक नवी बंदूक निघाली. दिसायला हुबेहूब एनफिल्ड, आत गुळगुळीत, बोअर ०.६५६. हा १८५८ चा नमुना. ५७७ च्या नळीतलं लोखंड कमी करून बोअर वाढवल्यामुळे तिच्या भिंती पातळ झाल्या आणि नळ्या फुगू-वाकू लागल्या. म्हणून १८५९ चा नमुना आला, त्यात नळीच जाड केली. पुढच्या काळातही हा हात आखडलेलाच राहिला. सरकारी कारखान्यांनी ली-एनफिल्ड रायफलीसुद्धा ०.४१० बोअरच्या बिनआट्याच्या मस्केट करून पोलीस आणि पहारेकऱ्यांना दिल्या.

मूळची गुळगुळीत की नंतर केलेली, याचा पुरावा नेम धरायच्या मागच्या निशाणीत मिळतो. १८५३ च्या रायफलीला मागे शिडीसारखी उभी राहणारी निशाणी असते, ९०० यार्डांपर्यंतच्या खुणांची. तिचं बूड नळीला डाख देऊन बसवलेलं असतं. ती काढून टाकली तरी डाखाची राखाडी सावली आणि बुडाचा लांबट आयत नळीवर राहतो. हिंदी शिपायाच्या बंदुकीला शिडी नाही, एक साधा ठोकळा आणि त्यात खाच. आमच्या नळीवर ठोकळा होता. मिस्त्रीकाकांनी त्याच्या पुढेमागे नळी भिंगाखाली तपासली. दुसऱ्या कुठल्या बुडाची सावली नाही. शिडी इथे कधी बसलीच नव्हती.

राहिला १८५८ का १८५९ हा प्रश्न, आणि तिथे कापलेल्या तोंडाने अडवलं. कापलेल्या जागी भिंतीची जाडी मोजून काही उपयोग नाही. नळी मागून पुढे निमुळती होत जाते, तेव्हा ३१ इंचांवरची भिंत ३९ इंचांवरच्यापेक्षा जाड असणारच, मग नमुना कुठलाही असो. मोजायचं ते मागून, बूच असलेल्या टोकापासून. मिस्त्रीकाकांच्या एका जुन्या वहीत १८५३ च्या नमुन्याच्या एका नळीची मापं होती, दर चार इंचांवरचा बाहेरचा व्यास. तशीच आमच्या नळीची घेतली आणि शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक ठिकाणी आमची जाड. १८५९ चा नमुना, लॉकवर १८६०. जुळलं.

म्हणजे आमची बंदूक बंडात कुणी हिसकावलेली असणं शक्य नव्हतं. बंड झालं म्हणून ती बनली. शिपायाला फार लांबवर नेम धरता येऊ नये, हाच तिच्या बांधणीचा हेतू होता. मला विचाराल तर ही गोष्ट आत्याच्या गोष्टीपेक्षा जास्त अंगावर येते. पण ती आत्याला सांगायची कशी, हे तेव्हा काही सुचत नव्हतं.

तोवर दस्ता बाकी होता, आणि खरं काम तिथेच होतं. दस्ता म्हणजे मी इथे सगळंच लाकूड म्हणतेय, नळीखालच्या लांब भागापासून खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागापर्यंत. जुन्या बंदुका ओळखणारे बहुतेक लोक धातूवरचे छाप वाचून थांबतात. पण लॉक बदलता येतं, नळी बदलता येते. लाकडात मात्र जे जे काढलं त्याचा खड्डा राहतो आणि जे जे लावलं त्याची फट दिसते.

पुढचं टोक आधी पाहिलं. लाकूड जिथे संपतं तिथे फौजी बंदुकीला ओतीव पितळी टोपण असतं. आमच्याकडे पितळेची पट्टी वळवून दोन खिळ्यांनी बसवलेली. पट्टी सैलच होती, ती सरकवली. खाली लाकडाच्या अगदी कडेला बोटभर रुंदीचा एक फिका पट्टा दिसला, आणि तोही पुरता नाही. करवतीने त्याचा पुढचा भाग कापून नेला होता. ते दुसऱ्या कड्याचं घर. कड्याखाली झाकलेल्या लाकडाला हाताचा घाम, तेल, धूर लागत नाही, त्यामुळे ते फिकं राहतं, आणि आवळल्यामुळे किंचित दबलेलंही असतं. नख फिरवलं तर कडा जाणवत होती. ज्याने कापलं त्याने दुसरं कडं काढून बरोब्बर त्याच्या जागेवरच करवत धरली होती, म्हणजे झाकायला पट्टी पुरेल आणि खूण दिसणार नाही. अडाण्याचं काम म्हणायला मी तेव्हाच कचरले.

बार ठासायचा गज ठेवायची खाचही तेच सांगत होती. मूळ लाकडात ती टोकापर्यंत जाते आणि गज लाकडातच धरला जातो. लाकूड तोडल्यावर गजाचा पुढचा भाग लोंबकळणार. म्हणून नळीच्या पोटाला एक पितळी नळकांडी डाख देऊन लावली होती. डाख व्यवस्थित, एकसारखा, कुठे ओघळ नाही. गज मात्र साधी लोखंडी सळई, एका टोकाला चेचलेली. मूळ पोलादी गज बहुधा कापलेल्या तुकड्यांबरोबरच गेला.

मग मागे आलो. मनगटापाशी, म्हणजे चापामागे हात पकडतो त्या बारीक भागावर, पितळी पत्रा गुंडाळलेला. खिळे हाताने घडवलेले, डोकी चौकोनी. पत्रा काढावा की नाही यावर मिस्त्रीकाकांनी वेळ घेतला. आधी त्यांनी अतिनील दिव्याची बॅटरी मागवली. अंधारात तिच्या उजेडाखाली लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं. मागचा सगळा भाग नारिंगी चमकला, पत्र्याच्या कडेपर्यंत. पुढचा भाग मंद, जवळजवळ काळाच. म्हणजे दोन्ही भागांवर दोन वेगळी पॉलिशं. साध्या उजेडात दोघांचाही रंग इतका एक झाला होता की मी वर्षानुवर्षं ते लाकूड एकच समजत होते.

मग खिळे उपसले, एकेक, पातळ पटाशीच्या टोकाने, आणि कुठला कुठे होता ते कागदावर नंबर टाकून. पत्र्याखाली व्ही आकाराचा सांधा होता. पुढचं लाकूड अक्रोडाचं, तपकिरी, एकसारख्या रेषांचं. फौजी एनफिल्डचं लाकूड अक्रोडाचंच असायचं. मागचं शिसवी, जांभळट काळ्या धारीचं आणि हाताला थंडगार. वजनाचं कोडंही इथे सुटलं. आठ इंच नळी आणि बरंच लाकूड कापूनही बंदूक मागे जड लागायची, ती या शिसवीमुळे. सांधा इतका नेमका होता की ब्लेडचं पातंही आत जाईना. सरसाने जोडलेला, आत एक लाकडी खुंटी. पत्रा नुसता आधाराला.

आता एकच शंका उरली. पुढचं अक्रोडी लाकूड तरी याच नळीचं का? दुसऱ्या एखाद्या बंदुकीचं आणून बसवलेलं असू शकत होतं. इथे बर्मिंगहॅमची हाताची जुळवणी कामी आली. कारागीर एका बंदुकीचे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांवर आतल्या बाजूला कानशीने सारख्या खुणा करत. मिस्त्रीकाकांनी नळीच्या मागच्या शेपटाचा स्क्रू सोडला, कडं उतरवलं, नळी उचलून बाजूला ठेवली. लॉकही काढलं. लॉकच्या पट्टीच्या आतल्या कडेला चार छोट्या आडव्या खाचा. नळीच्या शेपटाच्या पोटाला चार खाचा. आणि लाकडात, नळीच्या पन्हळीच्या तळाशी, दीडशे वर्षांच्या काजळीखाली, पटाशीने मारलेल्या चार रेघा. मी टॉर्च धरलेला हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

नळी, लॉक आणि पुढचं लाकूड एकाच वेळी एकत्र आलेले. म्हणूनच लॉकवरचं १८६० पूर्ण बंदुकीचं मानता आलं. एरवी लॉकवरचं वर्ष फक्त लॉकचंच समजायचं असतं.

नळी बाहेर आल्यावर तिच्या मागच्या टोकाजवळ आणखी दोन ठोकण्या दिसल्या, एरवी लाकडाच्या कडेखाली अर्ध्या झाकलेल्या. एक बाणाग्र आणि त्याखाली इंग्रजी आय, हिंदुस्थान सरकारच्या मालाची खूण. आणि त्याच्या पुढे दोन बाणाग्रं, टोकाला टोक भिडवलेली. फौजेतून काढून विकलेल्या मालावर ही खूण मारत. चोरी नाही, लूट नाही. फौजेला नको झालेली बंदूक रीतसर विकली गेली, आणि कुणीतरी ती घेतली.

त्या पुढच्या हातांनी काय केलं ते आता वाचता येत होतं. मागचं लाकूड मोडलं असावं. मनगट ही बंदुकीची सगळ्यात कमकुवत जागा आणि ती पडली की तिथेच तुटते. जातिवंत सुताराने हाताशी असलेल्या शिसवीचा नवा भाग जोडला. खांद्याला टेकणाऱ्या टोकाची मूळ पितळी तळपट्टी परत वापरली, पण तिची वर वळणारी जीभ नव्या लाकडात नीट बसली नाही, म्हणून फटीत लाख भरली. रानात फिरायला ५५ इंचांचं धूड गैरसोयीचं, म्हणून नळी आणि लाकूड कापलं. संगिनीची गरज नाही, म्हणून ठोकळ्याऐवजी मणी. बोअर गुळगुळीत असल्यामुळे छर्रे भरायला ती आधीपासूनच सोयीची होती. शिपायाला दुबळं हत्यार द्यायचं म्हणून जे केलं, ते शिकाऱ्याच्या पथ्यावर पडलं.

मिस्त्रीकाकांनी विचारलं, मूळ रूपात आणायची का. तीन कड्यांचा नवा अक्रोडी दस्ता बनवता येईल, नळीला पुढे तुकडा जोडून लांबी पुरी करता येईल, भिंतीवर शोभेल. मी नको म्हटलं. संग्राहक असे कापलेले दस्ते नाकं मुरडून बाजूला ठेवतात हे मला माहीत आहे, आणि विकायच्या दृष्टीने त्यांचं बरोबरही असेल. पण तो शिसवीचा सांधा ज्याने बसवला त्याचं काम काढून तिथे मी मागवलेलं आजचं लाकूड लावायचं, हे मला पटेना.

“मलाही तेच वाटत होतं,” ते म्हणाले, “पण विचारायला पाहिजे ना.”

पत्रा त्याच खिळ्यांनी, त्याच भोकांत परत बसवला. पितळ चकचकीत केलं नाही. लोखंडावर आणि लाकडावर, संग्रहालयात वापरतात तसल्या मेणाचा पातळ हात दिला. नळीच्या आत तेलाचा बोळा, आणि निपलवर घोडा कोरडा आदळू द्यायचा नाही अशी मला ताकीद.

आत्याला मी सगळे ठसे, मापं आणि फोटो दाखवले. १८६० वर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“म्हणजे हिसकावली नाही?”

“नाही गं. विकत घेतली असणार.”

“पैसे देऊन?” तिच्या आवाजात खरोखर धक्का होता. मग तिने पत्र्याचा फोटो जवळ ओढला, सांध्याचा फोटो त्याच्याशेजारी ठेवला. “आणि हे कुणी केलं म्हणालीस? सुतार चांगला होता हो.”

परवाना माझ्या नावावर झाल्यावर बंदूक घरी आली. नोंदीत पुन्हा एस.बी.एम.एल. गन, ३१ इंच असंच लिहिलं गेलं. मी त्याची एक प्रत आजोबांच्या १९३४ च्या कागदाशेजारी फाइलला लावली, आणि तिसरा कागद माझा, मिस्त्रीकाकांच्या मापांचा, ठशांचा आणि खिळ्यांच्या नंबरांचा.